दर महिनाअखेरीला तोच सॉक-सेव्हन: डम्प उलट्या पावली कसा वाचायचा

लक्षण असं. आयबीएम मेनफ्रेमवर असेंब्लर सबरूटीन असलेला बॅच जॉब महिनाभर सुरळीत चालतो आणि महिनाअखेरीच्या रात्री एस०सी७ हा अबेंड (प्रोग्राम अकाली बंद पडल्याचा कोड) देऊन आडवा होतो, म्हणजे आपल्या बोलीत सॉक-सेव्हन. रात्रपाळीवरचा माणूस इनपुट फाइलमधली संशयास्पद नोंद काढून टाकतो आणि जॉब पुन्हा सोडतो. रिटर्न कोड शून्य येतो, तिकीट बंद होतं. पुढच्या महिन्यात तेच मॉड्यूल, तोच ऑफसेट, तोच कोड. शेवटी कुणीतरी वैतागून सबरूटीनमध्ये एक ओळ घालतो आणि अबेंड खरंच थांबतो. मग काही महिन्यांनी हिशेबाकडून निरोप येतो की एकूण बेरीज जुळत नाही, फरक बरोब्बर ४०,४०,४०४ आहे.

तो आकडा लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत येऊ.

हा अबेंड पुन्हा पुन्हा येतो, कारण तो जिथे दिसतो तिथेच दुरुस्त केला जातो. पॅक्ड डेसिमलची, म्हणजे एका बाइटात दोन अंक आणि शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह अशा आकड्यांची, बेरीज करणारी एपी इन्स्ट्रक्शन डेटा तपासते, म्हणून ती मरते. तो डेटा आधी जिने तिथे आणून ठेवला ती पॅक (अंक पॅक्ड रूपात आणणारी) किंवा एमव्हीसी (बाइट जसेच्या तसे हलवणारी) काहीच तपासत नाही, म्हणून ती नामानिराळी राहते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. डम्प, म्हणजे पडतानाच्या मेमरीची आणि रजिस्टर्सची नोंद, वाचायचा तो मेलेल्या इन्स्ट्रक्शनपासून मागे मागे जाण्यासाठी. ती इन्स्ट्रक्शन शोधून काढणं हा कामाचा लहान भाग आहे, पण सुरुवात तिथूनच करावी लागते.

खालचं उदाहरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे, हिशेब मात्र शेवटपर्यंत जुळतो. कागद-पेन्सिल घेऊन बसा. पत्ते आणि मेमरीतला मजकूर हेक्समध्ये आहे. दहा ते पंधरासाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरं वापरली आहेत.

डम्प मुळात हातात हवा

जेसीएलमध्ये, म्हणजे जॉब चालवण्याच्या सूचनांत, सिसयूडम्प नावाचं डीडी कार्ड (फाइल नेमणारी ओळ) नसेल तर अबेंड कोडापलीकडे फारसं काही मिळत नाही. सिसयूडम्प आणि सिसअबेंड छापील, वाचण्याजोगे डम्प देतात. सिसएमडम्प कच्चा असतो, तो आयपीसीएस या डम्प वाचण्याच्या साधनात उघडावा लागतो. शिकताना सिसयूडम्प पुरतो. त्यातली नव्वद टक्के पानं तुम्हाला लागणार नाहीत हे आधीच मान्य करून टाका. माझा पहिला डम्प मी पहिल्या पानापासून ओळीने वाचायला बसलो होतो, कादंबरी वाचावी तसा. दिवसभरात हाती काही लागलं नाही.

सबरूटीन कोबोलमधून बोलावली जात असेल तर मध्ये लँग्वेज एन्व्हायर्नमेंट (कोबोल चालवणारं रनटाइम) उभं असतं. अबेंड आधी ते पकडतं आणि मग स्वतःच्या हाताने जॉब संपवतं, कधी यू४०३९ असा भलताच कोड देऊन. अशा डम्पच्या वरच्या भागातली रजिस्टर्स बहुतेक त्या एन्व्हायर्नमेंटची असतात, तुमच्या प्रोग्रामची नव्हेत. तेव्हा त्याने स्वतः लिहिलेल्या सीईईडम्पमधला मूळ चुकीच्या क्षणाचा भाग शोधा. तिथे खरा पीएसडब्ल्यू (प्रोग्राम कुठवर आला ते सांगणारा स्थितिशब्द) आणि खरी रजिस्टर्स सापडतात. कुठलाही डम्प घ्या, पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही रजिस्टर्स नेमक्या कोणत्या क्षणाची आहेत?

लिस्टिंग (असेंब्लरने छापलेला कोड) आणि लोड मॉड्यूल (प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम) एकाच असेंब्लीतून आलेले असणंही तितकंच गरजेचं. हा सल्ला इतका उघड आहे की कुणी पाळत नाही. आपण पुढे जी इन्स्ट्रक्शन काढणार आहोत तिचे बाइट डम्पमध्ये आणि लिस्टिंगमध्ये तंतोतंत सारखे हवेत. नसतील तर तिथेच थांबा आणि योग्य लिस्टिंग शोधा. चुकीच्या लिस्टिंगवर केलेलं विश्लेषण फार पटण्यासारखं दिसतं, हाच त्यातला धोका.

मेलेली इन्स्ट्रक्शन

डम्पच्या सुरुवातीलाच ही ओळ असते:

पीएसडब्ल्यू ॲट एन्ट्री टू अबेंड ०७८डी१००० ८००१ए३ई६ आयएलसी ६ आयएनटीसी ०००७

उजवीकडून वाचा. आयएनटीसी म्हणजे इंटरप्शन कोड. ७ म्हणजे डेटा एक्सेप्शन. ०सी७ मधला ७ हाच. १९६४ साली सिस्टिम/३६० आलं तेव्हाही डेटा एक्सेप्शनचा क्रमांक ७ होता, आजही तोच आहे. १ म्हणजे अशी इन्स्ट्रक्शनच अस्तित्वात नाही, ४ म्हणजे त्या मेमरीवर तुमचा हक्क नाही, ६ म्हणजे इन्स्ट्रक्शन किंवा पत्ता नियमात बसत नाही.

आयएलसी म्हणजे इन्स्ट्रक्शनची लांबी, इथे ६ बाइट. पीएसडब्ल्यूमधला पत्ता पुढच्या इन्स्ट्रक्शनचा असतो, म्हणून तेवढे बाइट वजा करायचे. त्याआधी सगळ्यात डावा बिट पुसायचा. तो फक्त प्रोग्राम ३१ बिटांच्या पत्त्यांवर चालतोय एवढं सांगतो. म्हणजे ८००१ए३ई६ चा झाला १ए३ई६, आणि ६ वजा करून १ए३ई०.

याला एक अपवाद आहे आणि त्याने माझे दोन दिवस खाल्ले होते. सॉक-फोरमध्ये, म्हणजे एस०सी४ मध्ये, आयएनटीसी १० किंवा ११ असेल, म्हणजे ते मेमरीचं पान मुळात अस्तित्वातच नसेल, तर पीएसडब्ल्यू चुकलेल्या इन्स्ट्रक्शनवरच उभा असतो. तिथे काही वजा करायचं नाही. मी सवयीने वजा केलं, एक निरपराध लोड इन्स्ट्रक्शन 'दुरुस्त' केली, आणि जॉब पुन्हा त्याच जागी पडला.

दुसरी गंमत एक्स इन्स्ट्रक्शनची. ती दुसरीकडे ठेवलेली इन्स्ट्रक्शन चालवते. ती दुसरी मेली तरी पत्ता आणि लांबी एक्सचीच दिसते. वजाबाकी करून पोचलात आणि तिथे ४४ ने सुरू होणारे बाइट दिसले, तर खरा डेटा पाहायला एक्सच्या लक्ष्यापर्यंत जावं लागतं.

आता १ए३ई० हा पत्ता लिस्टिंगमध्ये कुठे आहे ते काढू. डम्प सांगतो की लोड मॉड्यूल १९ई०० वर चढलं होतं. १ए३ई० वजा १९ई०० म्हणजे ५ई०. घोळ बहुतेकदा इथे होतो. ५ई० हा लोड मॉड्यूलमधला ऑफसेट आहे, लिस्टिंगमधला नव्हे. मॉड्यूलमध्ये अनेक सीसेक्ट, म्हणजे कोडाचे स्वतंत्र तुकडे, एकापुढे एक बांधलेले असतात. ते बांधणाऱ्या बाइंडरच्या नकाशात पाहिलं तर आपला सीसेक्ट २०० वर सुरू होतो. ५ई० वजा २०० म्हणजे ३ई०. लिस्टिंगच्या लोकेशन रकान्यात ३ई० शोधायचं.

तिथे हे आहे, आणि डम्पमध्येही हेच सहा बाइट आहेत:

एफए४३ डी१२० ८०१४

एफए म्हणजे एपी. पुढचे ४ आणि ३ हे लांबीचे अंक, प्रत्यक्षापेक्षा एकने कमी लिहिलेले. म्हणजे पहिला ऑपरंड ५ बाइट, दुसरा ४ बाइट. डी१२० म्हणजे आर-१३ मध्ये १२० मिळवा. ८०१४ म्हणजे आर-८ मध्ये १४ मिळवा. लिस्टिंगमध्ये नावं आहेतच, मग हे हाताने का फोडायचं? नावं प्रोग्रामरच्या मनातलं सांगतात, बाइट घडलेलं सांगतात. चुकीच्या यूझिंगमुळे (पत्ते कोणत्या बेस रजिस्टरपासून मोजायचे ते असेंब्लरला सांगणारी ओळ) नाव एक आणि बेस रजिस्टर दुसरंच, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

कोणता ऑपरंड आजारी?

रजिस्टर्स: आर-८ मध्ये ०००३एफ०ए८, आर-१२ मध्ये ०००१ए०००, आर-१३ मध्ये ०००२सी०००.

आर-१२ हे या रूटीनचं कोड बेस. सीसेक्ट १९ई०० अधिक २००, म्हणजे १ए००० वर आहे, आणि आर-१२ तेच सांगतं. बेस शाबूत आहे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि सॉक-फोरमध्ये तर ती सगळ्यात आधी करावी.

पहिला ऑपरंड २सी१२० वर, पाच बाइट: ०० ०० १८ ४२ ५सी. ही चालू बेरीज. शेवटचा अर्धा बाइट सी, म्हणजे अधिक चिन्ह. आकडा १८४२५. निरोगी.

दुसरा ऑपरंड ३एफ०ए८ अधिक १४, म्हणजे ३एफ०बीसी वर, चार बाइट: ०० ०० ०० ०४.

नवीन माणूस इथे हमखास फसतो. तो म्हणतो, हा तर चार आहे, यात वाईट काय? बायनरी असता तर चार असता. पॅक्ड डेसिमलमध्ये शेवटचा अर्धा बाइट अंक नसतो, चिन्ह असतं. ए, सी, ई, एफ अधिक, बी आणि डी उणे. ० ते ९ यांपैकी काही तिथे आलं की डेटा एक्सेप्शन. आणि चिन्ह सोडून बाकी अर्ध्या बाइटमध्ये ए ते एफ आलं तरीही तेच.

म्हणजे आजारी दुसरा ऑपरंड. मेलेली इन्स्ट्रक्शन सापडली, खराब फील्ड सापडलं. बहुतेक जण इथेच थांबतात.

कचऱ्याची ओळख पटवणे

तुम्ही विचारायचं, शून्य शून्य शून्य चार हा कचरा कुठल्या कारखान्यातला? कचरा क्वचितच निरर्थक असतो. त्याच्यावर त्याच्या जन्मदात्याचा ठसा असतो, आणि ही ओळख एकदा जमली की अर्धे डम्प बघताक्षणी उलगडतात.

४०४०४०४० दिसलं तर त्या मोकळ्या जागा. एब्सिडिकमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या अक्षरसंहितेत, स्पेस म्हणजे ४०. कुणीतरी पूर्ण नोंद स्पेसने पुसली, आत पॅक्ड फील्ड आहेत हे विसरून.

०००००००० दिसलं तर एक्ससीने शून्य केलेली किंवा कधीच न भरलेली मेमरी. बायनरीसाठी ते उत्तम शून्य, पॅक्डसाठी चिन्ह नसलेला कचरा. पॅक्ड शून्य म्हणजे ००००००० सी.

एफ१एफ२एफ३एफ४ म्हणजे १२३४ हे अंक झोन्ड रूपातच (एका बाइटात एक अंक) राहिले, पॅक करायचे राहून गेले. ३१३२३३३४ किंवा २०२०२०२० म्हणजे आस्की. फाइल दुसऱ्या यंत्रावरून रूपांतर न होता आली. याच्या उलटही घडतं. पॅक्ड फील्ड असलेली फाइल टेक्स्ट म्हणून पाठवली की प्रत्येक बाइटचं 'भाषांतर' होतं आणि पॅक्ड आकडे भुगा होऊन येतात. नावं, पत्ते मात्र छान दिसतात, म्हणून फाइल बरोबर आहे असं सगळे शपथेवर सांगतात.

फील्डमध्ये पत्त्यासारखं किंवा कोडासारखं काही दिसलं, तर कुणीतरी भलतीकडे लिहिलंय किंवा तुमचं पॉइंटर रजिस्टर घसरलंय.

आणि ०००००००४? स्पेसना पॅक केल्याची ही सही आहे. पॅक इन्स्ट्रक्शन शेवटच्या बाइटचे दोन्ही अर्धे उलटसुलट करते आणि बाकी प्रत्येक बाइटचा फक्त उजवा अर्धा घेते. सात बाइट ४० घ्या. शेवटच्या ४० चं झालं ०४, बाकी सहांतून सहा शून्यं. चार बाइटांत ते बसलं ०० ०० ०० ०४. म्हणजे सात अक्षरांचा रकाना रिकामा होता आणि कुणीतरी तो न बघता पॅक केला.

लिस्टिंग न उघडता एवढं कळतं.

ते फील्ड भरलं कुणी?

आधी नोंद ओळखू. आर-८ ज्या टेबलावर फिरतं ते ३एफ००० वर सुरू होतं, एक नोंद २८ बाइटांची. ३एफ०ए८ वजा ३एफ००० म्हणजे ए८, दशमानात १६८. १६८ भागिले २८ बरोबर ६, बाकी शून्य. म्हणजे पॉइंटर नोंदीच्या बरोब्बर सुरुवातीला आहे आणि ही सातवी नोंद. बाकी उरली असती तर कहाणी पूर्ण वेगळी, कारण तेव्हा डेटा चांगला आणि रजिस्टर घसरलेलं असतं. हा भागाकार कधीही टाळू नका.

डम्पच्या उजव्या कडेला तेच बाइट अक्षरांत छापलेले असतात. सातव्या नोंदीची किल्ली तिथे वाचली तर ती महिनाअखेरीच्या समायोजनाची निघते. महिनाअखेरीलाच का, याचं उत्तर मिळालं. त्या प्रकारच्या नोंदीत रक्कम दुसऱ्या रकान्यात असते, नेहमीचा रकाना मोकळा.

टेबल भरणारं रूटीन शोधायला सेव्ह एरियाची साखळी. सेव्ह एरिया म्हणजे हाक मारताना रजिस्टर्स जपून ठेवायची जागा, ७२ बाइट, म्हणजे अठरा शब्द. दशमानात, सुरुवातीपासून ४ वर मागच्याचा पत्ता, ८ वर पुढच्याचा, १२ वर आर-१४, १६ वर आर-१५, तिथून आर-० ते आर-१२. सगळ्यांना पाठ असतं. तरी वाचताना चुकतात, कारण कोण कुणाच्या घरात लिहितं ते उलटं आहे. बोलावलेलं रूटीन स्वतःची रजिस्टर्स नाही, बोलावणाऱ्याची रजिस्टर्स बोलावणाऱ्याच्याच सेव्ह एरियात ठेवतं. म्हणून तुमच्या रूटीनला कुणी बोलावलं हे पाहायचं असेल तर एक पाऊल मागे, ४ वरच्या पत्त्यावर जायचं. आणि तुमच्या स्वतःच्या सेव्ह एरियात दिसतं ते तुम्ही शेवटचं कुणाला बोलावलं त्याचं.

आपल्याला हवं ते हेच दुसरं. आर-१३ सांगतं की आपला सेव्ह एरिया २सी००० वर आहे. २सी००सी वर आर-१४: ८००१ए२बी४. २सी०१० वर आर-१५: ०००१ए६००.

आर-१४ चा वरचा बिट पुसला तर १ए२बी४, आपल्याच सीसेक्टमधला ऑफसेट २बी४. त्याच्या दोन बाइट आधी, २बी२ वर, लिस्टिंगमध्ये ०डीईएफ, म्हणजे बीएएसआर १४,१५. तिथून हाक मारली गेली. १ए६०० वर कुणाला? डम्पमध्ये त्या पत्त्यावर ४७एफ०एफ० ने सुरुवात दिसते. ही प्रथेप्रमाणे नावावरून उडी मारणारी ब्रँच. लगेच पुढे, उजव्या कडेला, रूटीनचं नाव अक्षरांत. ज्यांनी आपल्या रूटीनच्या तोंडाशी नाव, तारीख आणि वेळ कोरून ठेवली त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. ज्यांनी नाही कोरली त्यांचं रूटीन मला भेटलं की मी पहिलं तेच काम करतो.

सावधगिरी एकच. गेट, पुटसारखे फाइल वाचणारे-लिहिणारे मॅक्रोही तुमचाच सेव्ह एरिया वापरतात. आर-१५ तुमच्या मॉड्यूलबाहेरचा पत्ता दाखवत असेल तर शेवटची हाक सिस्टिमची होती, आणि आधीच्या हाकेचा ठसा तिच्याखाली पुसला गेलाय. आपल्या उदाहरणात नशीब चांगलं, कारण भरणाऱ्या रूटीनचे गेट त्याच्या स्वतःच्या सेव्ह एरियात राहिले.

भरणाऱ्या रूटीनच्या लिस्टिंगमध्ये एफ२३६ ने सुरू होणारी इन्स्ट्रक्शन शोधा. पॅक, चार बाइटांत सात बाइट. तिच्या आधी तपासणी काहीच नाही. चोर सापडला.

ती 'कायमची' ओळ

आता ४०,४०,४०४ कडे. सबरूटीनमध्ये कुणीतरी एपीच्या आधी ओआय घातली होती, फील्डच्या शेवटच्या बाइटवर ०एफ. म्हणजे चिन्ह जबरदस्तीने एफ करा. ०००००००४ चं झालं ०००००००एफ, अधिक शून्य. अबेंड गेला, बेरीजही बरोबर, कारण रिकामी रक्कम शून्यच धरायची होती. शाबासकी मिळाली असणार.

काही महिन्यांनी टेबल भरण्याची दुसरी वाट आली. तिच्यात नोंद आधी स्पेसने पुसली जायची आणि रक्कम नसेल तर फील्डला हातच लावायचा नाही. आता त्या ओआयसमोर आलं ४०४०४०४०. शेवटचा बाइट झाला ४एफ. चिन्ह एफ, वैध. अंक ४, ०, ४, ०, ४, ०, ४, सगळे वैध. एपीने निमूटपणे ४०,४०,४०४ मिळवले. ती ओळ नसती तर जॉब पहिल्याच रात्री पडला असता आणि आपण अर्ध्या तासात मोकळे झालो असतो. चिन्ह जबरदस्तीने बसवणारी ओळ मला कोणत्याही प्रोग्राममध्ये दिसली की मी तिच्या कारणाची टिप्पणी शोधतो. ती जवळजवळ कधीच नसते.

दुरुस्ती पॅकच्या आधी

स्पेस निदान आरडाओरडा करतात, अक्षरं तेवढंही करत नाहीत. एब्सिडिकमध्ये ए म्हणजे सी१. सात बाइटांच्या शेवटी ए आलं तर पॅक त्याचं १सी करते, वैध अधिक एक. जे म्हणजे डी१, पॅक केल्यावर १डी, वैध उणे एक. हा अपघात नाही, झोन्ड आकड्यांची चिन्हं अशीच लिहिली जातात. पण रकाना एका जागेने सरकला तर एखाद्या नावाचं अक्षर अशा रीतीने रक्कम बनून आत येतं आणि कुणालाच कळत नाही. मधल्या बाइटांत तर कोणतंही अक्षर चालतं, पॅक त्याचा डावा अर्धा फेकूनच देते.

म्हणून पॅकनंतर टीपी, म्हणजे टेस्ट डेसिमल, लावणं पुरत नाही. टीपी चांगली आहे, कंडिशन कोड ० म्हणजे सगळं ठीक, १ चिन्ह खराब, २ अंक खराब, ३ दोन्ही. पण पॅकने पुरावा आधीच नष्ट केलेला असतो. झोन, म्हणजे बाइटांचे डावे अर्धे, पॅकच्या आधीच बघायला हवेत. जुनी, सोपी युक्ती: सात बाइटांच्या कामाच्या जागेत सात झोन्ड शून्यं ठेवा, एमव्हीझेडने इनपुटचे फक्त झोन त्यांवर चढवा, आणि सात शून्यांशी सीएलसीने तुलना करा. जुळलं तर सगळे झोन एफ. चिन्ह असू शकणारा रकाना असेल तर शेवटचा बाइट या तुलनेतून वगळून त्याचा झोन वेगळा तपासा. मग पॅक, मग टीपी. झोन एफ पण अंकाच्या जागी ए ते एफ, असा विचित्र बाइट टीपी पकडते.

तपासणीत नापास झालं तर काय, हा निर्णय प्रोग्रामरने एकट्याने घेऊ नये. रकाना पूर्ण रिकामा असेल तर त्या नोंदीसाठी झॅपने पॅक्ड शून्य घालणं योग्य असू शकतं. अर्धवट कचरा असेल तर शून्य घालणं म्हणजे पैसे हरवणं. आम्ही दोन्हींसाठी किल्लीसकट ओळ छापतो, आणि दुसऱ्या प्रकारात जॉब मुद्दाम थांबवतो. शेवटचं काम म्हणून ती ओआय काढून टाकली. विरोध झाला, 'चालतंय ना, मग कशाला'. ४०,४०,४०४ चा कागद पुढे ठेवल्यावर विरोध मावळला.

कधी येतो, कधी येत नाही

वरची केस सरळ होती, कारण पडायची तारीख ठरलेली होती. तारीखवार न येणाऱ्या सॉक-सेव्हनमध्ये आधी पहिला ऑपरंड, म्हणजे बेरीज ठेवायची जागा पाहा. ती गेटमेनने मिळवलेल्या मेमरीत असते आणि कुणी तिला पॅक्ड शून्याने सुरू केलेलं नसतं. मग चाचणीत का चालतं? आधीच्या वापराचे अवशेष तिथे योगायोगाने वैध पॅक्ड आकडा देत असतात, किंवा त्या वाटेवर पहिली इन्स्ट्रक्शन झॅप असते, जी पहिला ऑपरंड तपासत नाही, फक्त त्यावर लिहिते. नवीन पान मिळालं तर ते बहुधा शून्यांनी भरलेलं असतं, परत मिळालेल्या तुकड्यात मागच्याचा कचरा असतो. त्या शून्यांवर विसंबून लिहिलेला काउंटर बायनरी असेल तर कित्येक वर्षं चालतो आणि मेमरीची मांडणी बदलली की एक दिवस भलताच आकडा दाखवतो. अशा वेळी कालच्या बदलाला दोष देऊ नका, कालच्या बदलाने फक्त मांडणी हलवली.

शून्य पॉइंटरही असाच दगा देतो. बेस रजिस्टर शून्य असेल तर लिहायला गेल्यावर सॉक-फोर येतो, पण वाचायला गेल्यावर नेहमी येत नाही. मेमरीच्या सुरुवातीचा सिस्टिमचा भाग वाचायला मोकळा असतो. तिथलं काहीबाही फील्ड म्हणून उचललं जातं आणि दोनशे ओळींनंतर एखादी निष्पाप सीव्हीबी (पॅक्ड आकडा बायनरी करणारी) सॉक-सेव्हनने मरते. दुसरा ऑपरंड विचित्र आणि त्याचा पत्ता काहीशे किंवा हजाराच्या आत, एवढं दिसलं की टेबल सोडून पॉइंटर शोधायला लागा.

पीएसडब्ल्यूच जर डेटाच्या मधोमध किंवा अगदी छोट्या पत्त्यावर असेल, तर वजाबाकी करून काही मिळणार नाही. ती भरकटलेली ब्रँच. आर-१४ बघा, आणि डम्पमध्ये ब्रेकिंग इव्हेंट ॲड्रेस दिलेला असेल तर आधी तो. शेवटची उडी कुठून मारली गेली ते यंत्राने स्वतः टिपून ठेवलेलं असतं.

सरावाला अबेंडची वाट पाहायची गरज नाही. एका छोट्या रूटीनमध्ये मुद्दाम एक फील्ड एक्ससीने शून्य करा, त्यावर एपी चालवा आणि स्वतःच्याच डम्पमध्ये ते चार बाइट लिस्टिंग न पाहता शोधा. मग तेच फील्ड स्पेसने पुसून पाहा, मग स्पेस पॅक करून. तिन्ही डम्पची ती एकेक ओळ कापून एका कागदावर चिकटवा. माझा तसा कागद आता पिवळा पडलाय आणि अजून खणात आहे.